चार आण्याचं इंजिन, बारा आण्याचा मसाला

लेस्टरहून एका मराठी तरुणाचा प्रश्न आला आहे. त्याने १९७३ ची एमजीबी जीटी ही जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी घेतली. क्रोम बंपरची, ओव्हरड्राइव्हवाली (म्हणजे टॉप गिअरच्या वर आणखी एक हलका टप्पा असलेली), पत्रा बऱ्यापैकी धड. इंजिन तापलं की खालून ठोके येतात. ऑइलच्या दाबाचा काटा आयडलला २० वर असतो आणि तीन हजार आरपीएमला जेमतेम ३० दाखवतो. गॅरेजवाल्याने "इंजिन संपलं" म्हणून हात वर केले. खिशात ४,००० पौंड आहेत, घरी एका गाडीपुरतं गॅरेज आहे, पान्यांचा संच आहे. विचारतोय की या निमित्ताने रोव्हरचं व्ही८ टाकू का? की माझदा एमएक्स-५ चं? बजेटमध्ये बसेल ना?

बसेल, पण तुम्ही समजता त्या हिशेबाने नाही. इंजिन बदलायला निघालेला प्रत्येक जण आधी इंजिनाची किंमत काढतो. या कामात सगळ्यात स्वस्त वस्तू कुठली असेल, तर ते इंजिन. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण कुणा गॅरेजवाल्यानेच केली असावी असं मला कधी कधी वाटतं.

आधी माझी या इंजिनाशी ओळख कशी ते सांगतो. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात टर्नर म्हणून लागलो आणि नंतर गॅरेजात गेलो. तिथे सरकारी अँबॅसिडर रांगेने यायच्या. त्यांचं १४८९ सीसीचं इंजिन म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं (बीएमसी) बी सीरिज. तुमच्या एमजीबीतलं १७९८ सीसीचं इंजिन त्याच घराण्यातलं, थोरलं भावंड म्हणा. कॉव्हेंट्रीला आल्यावर पहिल्यांदा एमजीबीचं बॉनेट उघडलं तेव्हा परक्या गावात शेजारचा माणूस भेटावा तसं झालं. म्हणून या इंजिनाच्या बाजूने माझा कल आहे, हे आधीच मान्य करून टाकतो.

आणि त्याच कलाने पहिला मुद्दा. इंजिन खरंच संपलंय का?

आयडलला गरम असताना २० पीएसआय ही काही वाईट गोष्ट नाही. फॅक्टरीच्या मॅन्युअलमध्येच आयडलला १० ते २५ आणि चालताना ५० ते ८० असं दिलंय. चिंता तुमच्या दुसऱ्या आकड्याची आहे. तीन हजारला ३० म्हणजे कुठेतरी ऑइल निसटतंय, किंवा पंप थकलाय, किंवा रिलीफ व्हॉल्व्हची स्प्रिंग बसलीय, किंवा काटाच खोटं बोलतोय. पन्नास वर्षांच्या काट्यावर विश्वास ठेवून इंजिन फेकून देणारे लोक मी पाहिलेत. आधी एक साधा मेकॅनिकल गेज उसना आणा आणि ताडून बघा. रिलीफ व्हॉल्व्ह तर इंजिनाच्या बाहेरून उघडता येतो.

मग ठोका कुठला ते शोधा. इंजिन गरम करून, ठोके चालू असताना, एकेका प्लगची वायर काढायची. जाड रबरी हातमोजे घाला. एखादी वायर काढल्यावर ठोका मंदावला, तर त्या सिलेंडरचं बिग एंड बेअरिंग, म्हणजे कनेक्टिंग रॉड आणि क्रँक यांच्यामधलं. कुठल्याच वायरीने फरक पडला नाही तर मेन बेअरिंग, टायमिंग चेन, वॉटर पंप, काहीही असू शकतं. मग एका माणसाला क्लच दाबायला बसवा आणि तुम्ही पुढच्या क्रँक पुलीकडे बघा. क्लच दाबताना पुली पुढे सरकताना डोळ्यांना दिसली, तर क्रँकला पुढे-मागे सरकू न देणारे थ्रस्ट वॉशर गेले. लाल दिव्याला क्लच दाबून ठेवायची सवय असलेल्या मालकांच्या गाड्यांत हे हमखास. शेवटी ऑइल काढा, फिल्टर कापून त्याचा कागद उलगडा आणि उन्हात धरा. तांबूस चमक दिसली तर बेअरिंगचा वरचा थर गेलाय आणि तुमचा गॅरेजवाला बरोबर होता.

तरीही बेअरिंग जाणं म्हणजे इंजिन जाणं नव्हे. क्रँक ग्राइंड करून अंडरसाइज बेअरिंग टाकता येतात. बोअर ६० थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) वाढवला की १७९८ चं १८६८ सीसी होतं. हेड नीट पोर्ट केलं, थोडा बरा कॅम टाकला, पॉइंट काढून इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवलं, दोन्ही एसयू कार्ब्युरेटरचे स्पिंडल-बुश नवे केले, की ही गाडी लक्षात येईल इतकी जोरात पळते. काटछाट नाही, कागदपत्रांची भानगड नाही, विमा कंपनीला लांबलचक पत्र नाही. इंजिन स्वतः उतरवून, मशीनिंग बाहेर देऊन, जोडणी स्वतः केलीत तर तुमच्या ४,००० मध्ये हे होतं आणि वर ब्रेक-सस्पेन्शनला पैसे उरतात. बजेट हीच मुख्य अट असेल तर माझं उत्तर इथेच संपतं.

पण तुम्ही ते ऐकणार नाही, हे मला तुमच्या प्रश्नातल्या "या निमित्ताने" शब्दावरून कळलं. मीही ऐकलं नव्हतं. तेव्हा पुढे.

व्ही८ चं आधी बोलू, कारण एमजीबी म्हटलं की प्रत्येकाच्या डोक्यात तेच. आणि त्याला कारणही आहे. ब्यूकने १९६१ मध्ये आणलेलं ते अ‍ॅल्युमिनियमचं छोटं व्ही८ रोव्हरने १९६५ मध्ये अमेरिकेतून घेतलं आणि पुढे पी५बी, पी६, रेंज रोव्हर, एसडी१ अशा किती गाड्यांत टाकलं. ते एमजीबीत घालायचा धंदा केन कॉस्टेलो या माणसाने १९७० च्या सुमारास सुरू केला. ते पाहून कंपनीला जाग आली आणि १९७३ मध्ये अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून एमजीबी जीटी व्ही८ बाहेर पडली. ३,५२८ सीसी, १३७ हॉर्सपॉवर. १९७६ पर्यंत २,५९१ बनल्या आणि बंद झाल्या. गंमत अशी की ते आठ सिलेंडरांचं इंजिन आपल्या चार सिलेंडरांच्या कास्ट आयर्नच्या गोळ्याइतक्याच वजनाचं भरतं, त्यामुळे गाडीचं नाक जड होत नाही. त्याआधी याच कंपनीने एमजीसीमध्ये सहा सिलेंडरांचं २,९१२ सीसीचं लोखंडी इंजिन कोंबलं होतं, मूळच्यापेक्षा सुमारे ९५ किलो जड. पुढचा क्रॉसमेंबर (इंजिनाखालचा आडवा बीम) आड आला म्हणून सस्पेन्शन बदललं, बॉनेटला उंचवटा काढला, आणि गाडी वळणावर नांगरासारखी सरळच जाते म्हणून शिव्या खाल्ल्या. १९६७ ला आली, १९६९ ला गेली. इंजिन किती ताकदीचं यापेक्षा किती वजनाचं आणि ते वजन कुठे बसतं, हे आधी बघायचं असतं. कंपनीनेच आपल्या खर्चाने आपल्याला ही शिकवणी दिलीय, तिचा फायदा घ्या.

मग व्ही८ टाकायला हरकत काय? तुमची गाडी १९७३ ची क्रोम बंपरची आहे, ही हरकत. १९७४ च्या शेवटी रबर बंपर आले, तेव्हापासून कंपनीने सगळीच शेल (गाडीचे पत्र्याचे सांगाडे) व्ही८ च्या मापाने दाबायला सुरुवात केली. त्याआधीच्या साध्या शेलमध्ये इंजिन खाली उतरतं, पण एक्झॉस्ट मॅनिफोल्डला आतल्या मडगार्डशी आणि स्टिअरिंगच्या दांड्याशी मारामारी करावी लागते. पत्रा ठोकायचा, किंवा मडगार्डला भोकं पाडून पाइप चाकाच्या खोबणीतून काढायचे. रेडिएटर पुढे सरकवायचा. ऑइल फिल्टर लांब न्यायचा. कार्ब्युरेटर बॉनेटला लागतात. कंपनीने त्यासाठी खास मॅनिफोल्ड करून दोन्ही एसयू इंजिनाच्या मागच्या टोकाला नेले होते, कॉस्टेलोने सरळ बॉनेटलाच फुगवटा काढला. गिअरबॉक्स बदलायचा, कारण तुमचा बॉक्स तो टॉर्क फार दिवस सोसणार नाही. आणि मागचा एक्सल तसाच ठेवलात तर ३.९ च्या रेशोवर व्ही८ नुसतं ओरडत राहील. कंपनीने म्हणूनच ३.०७ चा डिफ (मागच्या एक्सलमधला डिफरन्शियल) दिला होता, पुढच्या डिस्क जाड केल्या, कॅलिपर मोठे केले. या प्रत्येक वाक्याला पौंडांत किंमत आहे. शिवाय पूर्वी भंगारात पडलेल्या एसडी१ वरून ही इंजिनं हमालीच्या भावात मिळायची, ते दिवस गेले. चार हजारात चालती-फिरती, ब्रेक लागणारी व्ही८ एमजीबी मी तरी करून देऊ शकत नाही. अर्धवट कापलेली मात्र नक्की होईल. अशा अर्धवट कापलेल्या गाड्या ताडपत्रीखाली गंजताना पाहिल्या की पोटात तुटतं.

अमेरिकेतल्या मंडळींचं गणित वेगळं आहे. तिकडे १९९३ ते ९५ च्या कॅमारोतलं ३.४ लिटरचं व्ही६ आणि टी५ गिअरबॉक्स ही जोडी एमजीबीत बरीच जाते, कारण तिथल्या भंगारात ती सहज मिळते. स्वस्त स्वॅपचा, म्हणजे इंजिनबदलाचा, नियमच तो. आपल्या गावच्या भंगारात ढिगाने काय पडलंय ते बघायचं.

आणि इंग्लंडच्या भंगारात ढिगाने काय पडलंय? एमएक्स-५.

या गाड्यांची इंजिनं मरत नाहीत, दाराखालचे पत्र्याचे सिल आणि मागच्या चाकाजवळचा पत्रा मरतो. एमओटीत (इथल्या वार्षिक तपासणीत) नापास झालेली, वेल्डिंगचा खर्च परवडत नाही म्हणून विकायला काढलेली चालू गाडी मिळते. ही 'चालू' गोष्ट फार महत्त्वाची. पॅलेटवर ठेवलेलं, "भाऊ, काढताना मस्त चालत होतं" असं इंजिन घेऊ नका. अख्खी गाडी घ्या, तिच्यात बसून वीस मैल चालवा, गरम होऊ द्या, धूर बघा, पाचही गिअर टाकून बघा. मग इंजिन, गिअरबॉक्स, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), अखंड वायरिंग, इग्निशनची किल्ली, पेट्रोल पंप, सेन्सर, अगदी रबरी होजचे क्लिपसुद्धा तुमच्या मालकीचे. एखादा सेन्सर वेगळा विकत घ्यायला गेलात की कळेल मी क्लिपचं का सांगतोय ते.

इंजिनाबरोबर गिअरबॉक्सही घ्यायचाच. ही अक्कल आपल्या हिंदुस्तान मोटर्सलाही होती. कोंटेसा आली तेव्हा तिच्यात अँबॅसिडरचंच १४८९ चं इंजिन होतं आणि ती चढावर बैलगाडीशी शर्यत लावायची. मग इसुझूचं १.८ आलं, सोबत पाच गिअरचा बॉक्स आला आणि गाडीचा जन्म पालटला. १९९२ मध्ये तेच अँबॅसिडरमध्येही घातलं. तेही बी सीरिज काढून जपानी इंजिन बसवणंच होतं. तुम्ही करताय ते काही जगावेगळं नाही.

एमएक्स-५ चा पाचवा गिअर ०.८१४ चा. तुमच्या एमजीबीच्या मूळ ३.९ च्या डिफवर चौथ्या गिअरमध्ये हजार आरपीएमला साधारण १८ मैलांचा वेग येतो, म्हणजे पाचव्यात २२. मोटरवेवर ७० ला इंजिन ३,२०० च्या आसपास फिरेल. तुमचा ओव्हरड्राइव्हही जवळजवळ हेच देत होता. म्हणजे मागचा एक्सल जसाच्या तसा राहतो. एका मोठ्या खर्चातून सुटका. १.८ चं इंजिन १३० च्या आसपास हॉर्सपॉवर देतं, १.६ चं ११५. मूळच्या फॅक्टरी व्ही८ ची १३७ होती हे लक्षात घ्या. टॉर्कची सर नाही येणार, पण आकडा जवळ आहे, आणि हेड अ‍ॅल्युमिनियमचं असल्यामुळे नाकही हलकं.

आता अडचणी. पहिली गिअरबॉक्सची. एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्सच्या शेपटीला नेहमीसारखं माउंटिंगच नसतं. गिअरबॉक्सपासून मागच्या डिफपर्यंत एक लांब अ‍ॅल्युमिनियमची चौकट जाते, तिलाच बॉक्स लटकलेला असतो. एमजीबीत ती चौकट घालता येत नाही. तेव्हा त्या शेपटीवरच्या बोल्टच्या जागा वापरून ब्रॅकेट करायचा, रबर बुश घालायचा आणि टनेलखाली क्रॉसमेंबर बनवायचा. पहिल्यांदा मी हा ब्रॅकेट पातळ पट्टीचा केला. तीन आठवड्यांत तडकला आणि दुसऱ्या गिअरला लिव्हर हातात नाचायला लागला. सहा मिलिमीटरची पट्टी, कोपऱ्याला त्रिकोणी आधार. त्यात कंजुषी नको.

दुसरी अडचण मागच्या भिंतीची. एमजीबीत हीटरची पेटी इंजिनाच्या मागच्या अंगाला फळीवर बसलेली असते. माझदाच्या जुन्या इंजिनात कॅम अँगल सेन्सर नेमका हेडच्या मागच्या टोकाला. दोघांची गाठ पडते. इंजिन पुढे घेतलं की रेडिएटर लागतो, मागे घेतलं की सेन्सर काढता येत नाही, खाली घेतलं की ऑइलचा चेंबर क्रॉसमेंबरवर टेकतो, वर घेतलं की बॉनेट. माझं पहिलं इंजिन सात वेळा आत-बाहेर झालं. सहाव्या वेळी सगळं जमलं, मी खूश, बॉनेट खाली घेतलं तर बारा मिलिमीटर कमी. त्या रात्री मी जेवलो नाही. आता मी इंजिनाचा रिकामा ब्लॉक, रिकामं हेड आणि बॉक्सचं नुसतं कवच एवढंच जोडून मापाला लावतो. भंगारातला फुटका ब्लॉक यासाठी सोन्याच्या मोलाचा. तो दोघे जण हाताने उचलू शकतात आणि चेन ब्लॉकवर दिवसभर लोंबकळला तरी कुणाचं काही जात नाही. माउंटिंग आधी फक्त वेल्डिंगच्या टाक्याने पकडायचे, बॉनेट लावून बघायचं, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवायचं, इंजिन हाताने ढकलून हलवायचं, कारण चालताना ते हलणारच. सगळीकडे बोटभर जागा राहिली की मगच पूर्ण वेल्डिंग.

थंडावण्याचं. हे माझदाचं इंजिन मुळात आडवं बसवायच्या गाड्यांतलं. उभं करताना त्यांनी थर्मोस्टॅट आणि पाण्याची वाट दोन्ही पुढच्या टोकाला ठेवली, त्यामुळे मागचा सिलेंडर जास्त तापतो. साध्या वापरात चालून जातं. पण जोरात चालवणार असाल तर पाण्याची वाट हेडच्या मागून काढणं बरं, आणि तेच करायला हीटरच्या पेटीखाली जागा कमी. मी तडजोड केली: मूळ वाट ठेवली, अ‍ॅल्युमिनियमचा चांगला रेडिएटर घातला, पुढे इलेक्ट्रिक पंखा, हीटरचे पाइप खात्रीने वाहते ठेवले. दोन उन्हाळे गेले, काटा हललेला नाही. रेडिएटरची सगळ्यात वरची पातळी इंजिनातल्या पाण्यापेक्षा वर हवी. नसेल तर वेगळी एक्स्पान्शन टाकी उंचावर बसवा. हवेचा एक बुडबुडा अडकला की हेड वाकतं.

पेट्रोलचं. एमजीबीचा मूळ एसयू पंप तीन पीएसआयच्या आसपासच देतो, तो कार्ब्युरेटरसाठी आहे. इंजेक्शनला चाळीसच्या वर दाब लागतो, आणि उरलेलं पेट्रोल टाकीकडे परत नेणारी दुसरी लाइनही. एमजीबीच्या टाकीत आडोसे नाहीत, वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की पंप हवा ओढतो आणि इंजिन खोकतं. म्हणून मध्ये छोटी स्वर्ल पॉट टाकी. इथे जुगाड अजिबात चालणार नाही. दाबाच्या लाइनला इंजेक्शनचाच होज आणि इंजेक्शनचेच क्लिप. कार्ब्युरेटरच्या होजवर चाळीस पीएसआय टाकलं तर गाडी घरासकट जाईल. इनर्शिया स्विचही बसवा, धडक बसली की पंप बंद पडला पाहिजे.

वायरिंगला लोक उगाच घाबरतात. दात्या गाडीचं, म्हणजे इंजिन देणाऱ्या एमएक्स-५ चं, हार्नेस काढताना प्रत्येक कनेक्टरला चिठ्ठी बांधा, मोबाइलवर फोटो काढा, आणि काहीही कापू नका. ते जमिनीवर पसरून इंजिन चालवायला लागणाऱ्या वायरी वेगळ्या करा. तुमच्या एमजीबीशी त्याचं नातं फक्त चार-पाच वायरींचं: बॅटरी, इग्निशन, स्टार्टर, चार्जिंगचा दिवा, अर्थ. अर्थला मात्र जाड पट्टी, इंजिनापासून बॉडीला आणि बॉडीपासून बॅटरीला. नंतरच्या मॉडेलच्या ईसीयूत इमोबिलायझर असू शकतो, म्हणून किल्ली आणि ईसीयू एकाच गाडीचे हवेत. स्पीडोमीटरसाठीही जुनं मॉडेल बरं, त्याच्या गिअरबॉक्सला केबलची सोय आहे.

क्लचच्या मास्टर आणि स्लेव्ह सिलेंडरचा बोअर जुळवा, नाहीतर पेडल लाकडासारखं लागेल किंवा क्लच सुटणारच नाही. प्रॉपेलर शाफ्ट मापाने कापून, बॅलन्स करून घ्या. गल्लीतल्या वेल्डरकडून नको.

आता हिशेब, माझ्या वहीतला, काही वर्षांपूर्वीचा. दाती गाडी ७०० पौंड. तिच्या सीट, चाकं, हार्डटॉप विकून ४५० परत आले. म्हणजे इंजिन, बॉक्स, वायरिंग मिळून निव्वळ २५०. आणि मसाला? रेडिएटर-पंखा १८०, माउंटिंग आणि क्रॉसमेंबर २२०, एक्झॉस्ट ३८०, शाफ्ट १९०, पेट्रोलची सगळी व्यवस्था २६०, ईसीयूची कामं आणि ट्यूनिंग ४००, क्लच, बेल्ट, गास्केट, होज ३५०, मीटर १२०, ऑइल-कूलंट १५०, आणि 'किरकोळ' म्हणून ६००. हे किरकोळ कुणीच धरत नाही. बोल्ट, कटरच्या चकत्या, रंग, तीनदा चुकीचा मागवलेला होज. एकूण मसाला २,८५० पौंड. सगळं मिळून ३,१००, स्वतःची मजुरी शून्य धरून आणि आठ महिन्यांचे शनिवार-रविवार फुकट धरून. आज भाव वाढलेत, तुमचे ४,००० काठोकाठ जातील. वेल्डिंग स्वतःला येत नसेल तर पुरणार नाहीत.

खर्च कमी करायला जुनं इंजिन आणि ओव्हरड्राइव्हचा बॉक्स विकून टाका असं तुम्हाला कुणीतरी नक्की सांगेल. पैसे येतात, खरं आहे. तरी मी विकू नका म्हणेन. मूळ नंबरचं इंजिन कोपऱ्यात चादरीखाली असू द्या. उद्या गाडी विकताना घेणारा तेच आधी विचारेल. म्हणूनच माझा दुसरा हट्ट: असा स्वॅप करा की बोल्ट सोडून गाडी पुन्हा होती तशी करता येईल. एमजीबीला वेगळी चॅसी नाही, पत्र्याचं शेल हीच तिची हाडं. माउंटिंगचे ब्रॅकेट जोडा, पण आतले मडगार्ड, टनेल, क्रॉसमेंबर कापू नका.

कागदपत्रांतही हेच महत्त्वाचं. इंजिनाचा नंबर आणि सीसी बदलल्याचं डीव्हीएलएला (इथल्या वाहन नोंदणी खात्याला) कळवायचंच असतं. शेल कापलंत तर गोष्ट फक्त इंजिनाची राहत नाही, तेही कळवावं लागतं. चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटीची सूट आहे, पण मागच्या तीस वर्षांत मोठा बदल केलेल्या गाडीला नाही. त्याच मूळ इंजिनाचा सीसी वाढवणं हा मोठा बदल धरत नाहीत, १८६८ सीसीचा बोअर करणाऱ्याला म्हणून काळजी नाही. माझदाचं इंजिन मात्र मोठाच बदल धरा आणि दरवर्षी एमओटी करा. धुराची धास्ती नको. इंजिन आणि गाडी यांतलं जे जुनं, त्याच्या नियमाने तपासतात, आणि १ ऑगस्ट १९७५ च्या आधी रस्त्यावर आलेल्या गाडीचा धूर फक्त डोळ्यांनी बघतात. विमा कंपनीला मात्र काम सुरू करण्याआधी फोन करा. पुण्या-मुंबईहून हे वाचणाऱ्यांनी यातलं काही तिथे लागू धरू नये. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आरटीओच्या मंजुरीशिवाय वेगळं इंजिन टाकता येत नाही, आणि पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१ च्या नियमांखाली 'व्हीए' मालिकेचा व्हिंटेज नंबर हवा असेल तर ती मूळ रूपातच असावी लागते. तिकडच्या हौशी माणसाने मूळ इंजिनच बोअर करावं.

ब्रेकचं राहिलं. पुढे डिस्क आहेत, १३० हॉर्सपॉवरला त्या पुरतात, पण कॅलिपर आणि होज नवे करा, आणि तेही इंजिनाच्या आधी. मागचे लिव्हरवाले डँपर तेल गळत असतील तर तेही. पळायला लागल्यावर थांबवायचं बघू, हा क्रम उलटा आहे.

तर या शनिवारी काहीही विकत घेऊ नका. गेज उसना आणा, प्लगच्या वायरी काढून ठोका शोधा, फिल्टर कापा. आणि बॉनेट उघडून मोजपट्टीने तीन मापं लिहून ठेवा: क्रॉसमेंबरच्या वरच्या पृष्ठापासून बंद बॉनेटपर्यंत, रेडिएटरपासून हीटरच्या पेटीपर्यंत, आणि दोन्ही मडगार्डमधलं अंतर, स्टिअरिंगचा दांडा कुठे येतो त्याच्या खुणेसह. बॉनेट बंद असताना मोजायला क्रॉसमेंबरवर मळलेल्या कणकेचा उंच गोळा ठेवून बॉनेट लावायचं आणि दबलेली उंची मोजायची. फिल्टरच्या कागदाचा फोटो आणि ही तीन मापं पाठवा. माझ्या शेडमध्ये माझदाचा फुटका ब्लॉक अजून पडलाय, लेस्टर काही लांब नाही. गाडीच्या डिकीत टाकून आणतो, येताना चेन ब्लॉकही घेईन.